हिम, मीठ आणि पांढरा रंग

गोव्यात हिम पडत नाही, पण आपल्या भाषेत ते फार पूर्वीच येऊन पडलेले आहे. ‘हिवाळा’ हा शब्द घ्या. ‘हिमकाल’ या शब्दापासून झिजत झिजत तो आपल्यापर्यंत आला. अंगात थंडी भरून ताप आला की आपल्या आज्या ‘हिंव भरले’ म्हणायच्या, आणि डासांपासून होणाऱ्या त्या तापाला मराठीने ‘हिवताप’ हे नाव दिले. हेमंत ऋतूच्या नावातही तेच हिम दडलेले आहे. आपल्या पेडणे-डिचोलीकडे हेमंत म्हणजे पहाटे गवतावर पडलेले दंव, कुळागरात रेंगाळणारे धुके आणि मग काजू-आंब्याला येणारा मोहोर. उत्तरेकडून शब्द चालत आला, वस्तू मात्र हिमालयातच राहिली.

त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला बर्फ आधी कळतो तो मासळीबाजारात. ट्रकातून उतरवलेली ती लांबट लादी, तिच्यावर टाकलेला लाकडाचा भुसा, खिळ्यासारख्या टोकदार सळीने तिचे तुकडे करणारा माणूस आणि खालून वाहणारे पाणी. ती लादी कडेने काचेसारखी आरपार असते, फक्त मध्यभागी एक पांढरी रेघ असते. दुसरा बर्फ पुस्तकातला, हिमगौरीच्या गोष्टीतला. तो पांढराशुभ्र. हे दोन्ही एकाच पाण्याचे, हे शाळेत शिकवले जायचे. पण एक आरपार आणि दुसरा पांढरा का, हे कोणी विचारत नसे आणि कोणी सांगतही नसे.

मी प्रत्यक्ष हिम पाहिले ते २००९ च्या मे महिन्याच्या अखेरीस, रोहतांगच्या वाटेवर. थिवीहून रेल्वेने दिल्ली, तिथून बसने मनाली, आणि मनालीहून पन्नासेक किलोमीटर घाट चढून वर. रोहतांग खिंडीची उंची ३,९७८ मीटर. आपल्याकडच्या सह्याद्रीची सगळी उंची एकावर एक रचायची म्हटले तर दोन-तीन थर लागतील. वाटेवरच्या दुकानांतून भाड्याने घेतलेला, दुसऱ्या कोणाच्या घामाचा वास येणारा लांब कोट आणि पायांत गमबूट अशा थाटात आमची मंडळी उतरली. आमच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी आधी वाकून हिमाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. देवळाच्या पायरीला लावतात तसा. कोणी हसले नाही.

मला तेव्हा दोन गोष्टींचे नवल वाटले होते. एक म्हणजे तो पांढरेपणा. उन्हात डोळे उघडे ठेवणे कठीण व्हावे इतका तो पांढरा. दुसरी म्हणजे शांतता. रस्त्यापासून थोडे आत, जिथे हिम अजून तुडवले गेले नव्हते, तिथे गेलो तर पन्नास पावलांवरच्या माणसांचा गोंगाट जणू कापूस घातल्यासारखा दबला. मूठभर हिम उचलून तळहातावर घेतले आणि डोळ्यांजवळ नेले. ढीग पांढरा होता, पण एकेक कण मात्र पांढरा नव्हता. काचेच्या बारीक चुऱ्यासारखा तो आरपार दिसत होता. पाहता पाहता तो विरघळला, आणि हातावर उरले ते साधे, बिनरंगी पाणी. मग तो पांढरा रंग गेला कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मिळवायला हिमालयात जावे लागत नाही. डिचोलीच्या जत्रेत बर्फाचा गोळा खाल्लेल्या कोणालाही ते मिळू शकते. गोळेवाला लादीचा तुकडा रंध्यावर घासतो. घासण्याआधीचा तुकडा काचेसारखा, घासल्यावर पडणारा कीस पांढरा. वर काहीच टाकलेले नाही, फक्त तुकडे बारीक झाले. खडीसाखर आरपार असते, तीच कुटली की पिठीसाखर पांढरी. हिरवी बांगडी वाढली आणि तिचा पायाखाली चुरा झाला तर तो चुराही फिकट, पांढरट दिसतो. म्हणजे आरपार वस्तूचे पुष्कळ बारीक तुकडे केले आणि त्यांच्यामध्ये हवा शिरली की ती पांढरी होते.

असे का होते? प्रकाश हवेतून बर्फात शिरतो तेव्हा बहुतेक सगळा आत जातो, पण थोडासा, शंभरातला सुमारे दोन भाग, पृष्ठभागावरूनच परत फिरतो. लादीला मोजून सहा बाजू, म्हणून परत फिरणारा प्रकाश थोडा आणि उरलेला आरपार जातो. मूठभर हिमात मात्र असंख्य कण आणि प्रत्येक कणाला अनेक बाजू. प्रकाश एका कणातून निघतो, दुसऱ्यावर आपटतो, तिसऱ्यात वळतो, आणि असे शेकडो वेळा होता होता बराचसा पुन्हा आपल्याकडेच बाहेर येतो. या सगळ्या धावपळीत बर्फ तांबडा, पिवळा, निळा असा भेदभाव जवळजवळ करत नाही. सूर्याचा प्रकाश जसा सगळ्या रंगांचा मिळून आत गेला तसाच सगळ्या रंगांचा मिळून परत येतो, आणि सगळे रंग एकत्र म्हणजे पांढरा. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश असा परत करते. डोळे दिपतात ते त्यामुळे. पांढरा रंग हिमाने कुठून आणलेला नसतो. सूर्याने दिलेले ते जवळजवळ पूर्ण परत करते, एवढेच.

‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम वापरला. बर्फ तांबडा प्रकाश अगदी थोडासा गिळतो. मूठभर हिमात ते कळत नाही. पण हिमनदीच्या खोल भेगेत, जिथे प्रकाश बर्फातून मीटर-दर-मीटर प्रवास करतो, तिथे तांबडा संपत जातो आणि निळा उरतो. म्हणून तिथला घट्ट, जुना बर्फ निळा दिसतो.

आणि ती शांतता? तीही त्याच कारणामुळे. ताज्या हिमात बर्फ थोडा आणि हवा फार. कणांमधल्या त्या हवेच्या पोकळ्यांत आवाज शिरतो आणि तिथेच जिरतो. हिम पांढरे आणि हिम शांत, या दोन्हींच्या मुळाशी आत अडकलेली हवाच आहे.

हे सगळे मला पुस्तकांतून समजले. पण ते पुरते उमगले ते पेडण्याच्या आगरवाड्यात, एका म्हाताऱ्या काकींच्या पडवीत, मार्च २०१८ मध्ये.

आगरवाडा हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेले. शापोरा नदीच्या काठी, खाजन जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी ही माणसे. भरतीचे खारे पाणी मानशीतून आत घ्यायचे, एका कोंडातून दुसऱ्या कोंडात फिरवत उन्हात आटवायचे, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून बांधावर काढायचे. पावसानंतर डागडुजी, जानेवारीपासून पीक, आणि पहिला पाऊस पडला की सगळे बंद. या काकींचे यजमान हे काम करत आणि काकी डोक्यावरून पाट्या वाहत. त्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला. तिथे आपल्या गोवेकरांची आता मोठी वस्ती आहे. यजमान गेले, मुलगा तिकडे, आणि आगर ओसाड. बांधाला भगदाड पडले की पाणी मन मानेल तसे शिरते आणि खारफुटी वाढत जाते. तसे झालेले.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फार मोठे हिम पडले. पूर्वेकडून सैबेरियाची थंड हवा आली होती. मुलाने घराच्या दारातून मोबाईलवर चित्रफीत काढून आईला पाठवली. रस्ता, गाड्या, कुंपणे, झाडे, सगळे पांढरे. काकींनी ती पाहिली आणि पहिले वाक्य बोलल्या, “अगो बाय, इतकें मीठ कोणी ओतलें?”

घरातली पोरे हसली. काकी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “भाई, तुमी शिकिल्ले मनीस. उदकाक रंग ना. मागीर हें धवें कशें?”

मी गोळ्याचा दाखला देऊन सांगू लागलो. त्यांनी अर्धे ऐकले, आत गेल्या, आणि करवंटीतून जाडे मीठ घेऊन आल्या. त्यातला एक मोठा खडा निवडून उजेडाकडे धरला. आरपार. मग त्यांनी जे सांगितले ते मला कुठल्याच पुस्तकात वाचलेले आठवत नाही. आगरात पाण्याखाली मीठ धरते तेव्हा ते पांढरे दिसत नाही, मळकट, पाण्याच्याच रंगाचे दिसते. नवख्याला तर वाटते वाफा रिकामाच आहे. बांधावर ओढून ते निथळायला ठेवले की तासाभराने ढीग ‘फुलतो’, म्हणजे पांढरा होतो. अवकाळी पाऊस पडून भिजला की पुन्हा काळवंडतो.

मित्रांनो, यात सगळे आले. मिठाचा कण खाऱ्या पाण्यात बुडालेला असतो तेव्हा मीठ आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश फारसा अडखळत नाही, कारण प्रकाशाच्या दृष्टीने त्या दोघांत फरक थोडा. पाणी निथळून त्या जागी हवा आली की फरक वाढतो, कणाकणावरून प्रकाश उसळतो आणि ढीग पांढरा होतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात स्वच्छ बर्फाचा तुकडा जवळजवळ दिसेनासा होतो, तो याचमुळे. पांढरे धोतर भिजले की आतले अंग दिसते, तेही याचमुळे. मोगऱ्याची पाकळी दोन बोटांत चुरडून पाहा. पेशींमधली हवा निघून जाते, आणि पांढरी पाकळी तेलकट कागदासारखी आरपार होते. हरवळ्याच्या धबधब्याचे पाणी कड्यावरून पडताना दुधासारखे आणि खाली डोहात पुन्हा पाण्यासारखे, त्याचेही गणित हेच.

तेव्हा काकींना हिम मिठासारखे दिसले ते उगाच नव्हे. हिम आणि मीठ एकाच कारणाने पांढरे आहेत. फरक आहे तो कणांच्या घडणीत. मिठाचा कण चौकोनी, हिमाचा षट्‌कोनी. हिमाला सहाच बाजू का, हा प्रश्न योहानेस केपलर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून विचारला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले, आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमकण तयार करून दाखवला आणि तापमान व हवेतला ओलावा यांप्रमाणे त्याचा आकार कसा बदलतो हे शोधून काढले. मिठागरातही आटण्याची गती बदलली की कणाचा आकार बदलतो. सावकाश आटले तर खडा जाडा, भरभर आटले तर बारीक. काकी याला ‘मीठ कसे धरते’ म्हणत.

मुलाचा फोन आला तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री सरकारी ट्रक येतात आणि रस्त्यावर मीठ पसरत जातात. मिठामुळे पाणी शून्य अंशाच्याही खाली गोठत नाही, म्हणून रस्त्यावर बर्फ धरत नाही. आपल्याकडे पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात मीठ घालत ते याच गुणासाठी. पण तिकडचे ते मीठ खाणीतून काढलेले, मातीमुळे तांबूस. आगरवाड्याच्या मिठागरवाल्याचा मुलगा परदेशात खिडकीत उभा राहून रस्त्यावर मीठ ओतताना पाहतो, हे ऐकून काकी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी फोनवर एवढेच विचारले, “थंय मिठाक भाव कितलो?”

तो भाव काय होता ते मला ठाऊक नाही, पण त्या प्रश्नामागचा हिशेब ठाऊक आहे. गोव्याच्या मिठावर एकदा फार मोठे संकट येऊन गेले होते. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि व्यापारावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. १८९२ मध्ये तो करार संपेपर्यंत कितीतरी आगरे मोडीत निघाली. त्यातूनही जी टिकली ती आपल्या काळात हळूहळू बंद पडत आहेत. गुजरातेतून येणारे स्वस्त मीठ, मिळेनासे झालेले कामगार, फुटणारे बांध. २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. मग आगरातले जाडे मीठ उरले ते मासळी खारवायला आणि माडांच्या मुळांत घालायला. आगरवाड्यात आजही काही कुटुंबे ते पिकवतात. चोपडे-आगरवाडा रस्त्याने मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बांधावर शंकूसारखे ढीग दिसतील. आपले हिमालय तेवढेच, कमरेएवढे.

पांढऱ्या रंगाचा आणखी एक गुण सांगायला हवा, कारण त्याचा संबंध फक्त डोळ्यांशी नाही. हिम पांढरे असते म्हणून ऊन परत करते, आणि ऊन परत करते म्हणून टिकते. त्यावर काजळी किंवा धूळ बसली की ते मळते, ऊन शोषू लागते आणि लवकर वितळते. डिचोलीकरांना धूळ समजावून सांगायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा रस्त्याकडेच्या फणसाची पाने, घरांची कौले, वाळत घातलेले कपडे, सगळे तांबडे व्हायचे. हिमालयात असाच थर डिझेलच्या आणि चुलींच्या काजळीचा बसतो. रोहतांगच्या हिमावर मी ते पाहिले होते. रस्त्यालगतचे हिम राखेसारखे करडे होते आणि त्याच्या खालून पाण्याचे ओहोळ निघाले होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांवर मर्यादा घातली त्याचे एक कारण हे. २०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि लाहौलला जाण्यासाठी खिंड ओलांडण्याची गरज उरली नाही. पण हिम पाहायला जाणाऱ्यांची हौस काही संपत नाही. आता तर पेडण्यातच मोपाच्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरतात. सकाळी पेडण्यात पेज जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी हिमात उभा राहू शकतो. जावे, जरूर जावे. फक्त आपण ज्याचे कौतुक करायला जातो तो पांढरेपणा आपल्याच गाडीच्या धुराने मळतो, एवढे ध्यानात असावे.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. हिम आपल्यापासून फार दूर नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या डोक्यावर सरळ वर सुमारे पाच किलोमीटर गेले की तापमान शून्याखाली जाते. मे महिन्यात दुपारनंतर घाटावर जे उंच, काळे ढग चढतात त्यांच्या वरच्या भागात हिमच असते. त्या वळिवाच्या टपोऱ्या थेंबांपैकी कितीतरी थेंब वर हिमकण म्हणून जन्मलेले आणि खाली येता येता वितळलेले असतात. आपल्या अंगणात हिम पडते, फक्त ते पोचेपर्यंत पाणी झालेले असते.

ते न वितळलेलेही दिसते. चंद्राला खळे पडते ते पाहिले आहे ना? चंद्राभोवती मोठे, फिकट वर्तुळ. खळे पडले की पाऊस येणार असे जुनी माणसे सांगतात. ते खळे उंचावरच्या विरळ ढगांतल्या षट्‌कोनी बर्फकणांनी पाडलेले असते. त्या कणांतून चंद्रप्रकाश सुमारे २२ अंशांनी वळतो, म्हणून खळे नेहमी तेवढ्याच अंतरावर पडते. हात पूर्ण लांब करून वीत पसरली आणि अंगठा चंद्रावर धरला तर करंगळी साधारण खळ्यावर येते.

त्या दिवशी संध्याकाळी काकींना मी हे सांगितले. त्यांनी हात लांब करून, वीत पसरून आकाशाकडे धरून पाहिली. चंद्र अजून उगवला नव्हता. “म्हणजे तेंच हांगा आसा,” त्या म्हणाल्या आणि मोबाईल उचलून मुलाला फोन लावू लागल्या. मी त्यांच्या करवंटीतला एक मिठाचा खडा खिशात टाकून निघालो. पावसाळ्यात तो ओलावतो, उन्हाळ्यात पुन्हा कोरडा होतो. माझ्या टेबलावर तो अजून आहे.